चौदा दिवसांची वहिवाट

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला जागेचे मोल फार लवकर कळते. पेढीची जागा, वखारीची जागा, मार्केट यार्डातला गाळा, गाडी उभी करण्यापुरती मोकळी जमीन, यांपैकी कशाचा उतारा कोणाच्या नावावर आहे हे आम्हांला बाराखडीबरोबरच शिकवले जाते. सांगलीत आमचा हळदीचा पिढीजात व्यापार. वडिलांच्या पश्चात आम्हां दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, त्याही रीतसर, चार जाणत्यांसमोर, कागदावर. तरीही एक नऊ फुटांचा बोळ शिल्लक राहिला. दोघांच्या वखारींमधला हा बोळ कागदोपत्री माझ्या वाट्याला आला होता, पण धाकट्या भावाचे हमाल वर्षानुवर्षे तेथूनच पोती नेत असत. एके दिवशी काही शब्दाला शब्द वाढला आणि मी त्या बोळाला लोखंडी फाटक बसवून कुलूप घातले. त्याला तीन वर्षे होऊन गेली होती. पर्युषणानंतर क्षमावाणीच्या दिवशी आम्ही दोघे मंदिराच्या सभामंडपात समोरासमोर येऊन हात जोडत होतो, रूढ शब्द उच्चारत होतो आणि घरी परतत होतो. कुलूप जिथल्या तिथे होते.

२०१८ सालच्या जून महिन्यात सौभाग्यवतीसह मी अमेरिकेत मुलाकडे गेलो, तेव्हा त्या कुलपाची किल्ली माझ्या हातपिशवीत होती. ती घरी कोणाच्या हाती देण्याचा मला भरवसा वाटला नाही. विमानतळावर तपासणीच्या वेळी ती ट्रेमध्ये खणखणली, तेव्हा सौभाग्यवती एवढेच म्हणाली, "बोळसुद्धा बरोबर आणला आहे का?"

मुलाचे घर लॉस एंजेलिस शहराजवळ आहे. नातीच्या शाळेला सुटी लागली आणि एके संध्याकाळी मुलाने बेत सांगितला, "बाबा, या वेळी हॉटेल नको. दोन रात्री जंगलात तंबू ठोकून राहू." माझ्या डोळ्यांसमोर वाट चुकलेला वनवास उभा राहिला. वयाची सहासष्टी उलटलेल्या, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आणि पाणी गाळून पिणाऱ्या माणसाने परक्या देशाच्या रानात काय करायचे? पण नातीने आधीच माझ्यासाठी लोकरीची टोपी आणून ठेवली होती. तिला नाही म्हणता आले नाही.

येथे एक भेद सांगितला पाहिजे, कारण तो मलाही तेथे जाऊनच कळला. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने आपल्याकडे पुष्कळांना ऐकून ठाऊक असतात. राष्ट्रीय वने त्याहून निराळी. उद्यानांचा कारभार गृहखात्याच्या नव्हे, तर अंतर्गत भूमी सांभाळणाऱ्या खात्याकडे आणि वनांचा कारभार चक्क शेतीखात्याकडे. १८९१ साली तेथील संसदेने राष्ट्राध्यक्षांना सरकारी मालकीची वनभूमी राखून ठेवण्याचा अधिकार दिला. १९०५ साली त्या वनांसाठी स्वतंत्र वनसेवा स्थापन झाली आणि गिफर्ड पिंचॉट हे तिचे पहिले प्रमुख झाले. आज या वनसेवेच्या ताब्यात सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या अडीचपट. तेथे लाकूडतोड होते, गुरे चरतात, खाणीही आहेत. पाण्याचे उगम राखणे हेही त्या वनांचेच काम. १९६० साली झालेल्या कायद्याने या सर्वांच्या जोडीला मोकळ्या हवेतील विरंगुळ्याचेही नाव घेतले. सामान्य माणसाने येथे येऊन राहावे, चालावे, आकाश पाहावे, हाही त्या जमिनीचा अधिकृत उपयोग ठरला. म्हणूनच या वनांत ठिकठिकाणी तळ उभारलेले आहेत.

आम्ही गेलो ते इन्यो राष्ट्रीय वन सुमारे वीस लाख एकरांचे आहे. लॉस एंजेलिसहून उत्तरेला निघालो की मोहावीचे वाळवंट लागते. पुढे ३९५ क्रमांकाचा महामार्ग ओवेन्स नदीच्या लांबट खोऱ्यात शिरतो. डावीकडे सिएरा नेवाडाची हिमाच्छादित भिंत आणि त्यात १४,५०५ फूट उंचीचे माउंट व्हिटनी शिखर, उजवीकडे करड्या, कोरड्या पांढऱ्या पर्वतांची रांग. त्यांचे नावच व्हाइट माउंटन्स. खोरे मात्र ओसाड. कारण विचारले तेव्हा मुलाने सांगितले की येथले पाणी १९१३ सालापासून मोठ्या कालव्याने लॉस एंजेलिसला जाते. खाली असलेला ओवेन्स तलाव त्यामुळे आटून गेला. म्हणजे ज्या घरी मी सकाळी नळाखाली तोंड धुतले, तेथवर येणारे पाणी या खोऱ्याचे असू शकते. त्याहीपूर्वी ही भूमी पाइउत लोकांची होती. कालवे काढून रानकंदांना पाणी देणारे हे लोक. १८६३ साली सैन्याने त्यांच्यापैकी शेकडो जणांना येथून हाकलत दूरच्या किल्ल्यावर नेले. पुष्कळ जण पुढे पायी परत आले आणि त्यांचे वंशज आजही या खोऱ्यात राहतात. सार्वजनिक जमीन म्हणजे कधीच कोणाची नसलेली जमीन नव्हे, हे ध्यानात ठेवूनच मी पुढचे सारे पाहिले.

पहिला मुक्काम बिग पाइन नावाच्या छोट्या गावाच्या पश्चिमेस, सिएराच्या कुशीत, बिग पाइन ओढ्याकाठच्या तळावर होता. उंची साडेसात हजार फुटांहून अधिक. दुसऱ्या दिवशी आणखी उंच जायचे असल्याने शरीराला सवय व्हावी, हा मुलाचा हेतू. तळ म्हणजे काय, हे मी प्रथमच पाहत होतो. झाडांच्या आडोशाने आखलेल्या जागा, प्रत्येकीला क्रमांक. प्रत्येक जागेत गाडी उभी करण्यापुरती मोकळीक, तंबूपुरती सपाट जमीन, जमिनीत रोवलेले लाकडी मेज व बाके, शेकोटीसाठी लोखंडी कडे. भिंत नाही, कुंपण नाही. दाराशी एका फिरत्या घरात वृद्ध जोडपे राहत होते. हे तळाचे यजमान. नोकरीतून निवृत्त झालेली अशी कितीतरी माणसे उन्हाळाभर अशा तळांवर येऊन राहतात, आल्यागेल्याला वाट दाखवतात, स्वच्छतागृहे पाहतात.

आमच्या जागेत आणखी एक वस्तू होती, जाड लोखंडी पेटी. तिजोरी म्हणावी अशी. तिच्यात दागिने नव्हे, अन्न ठेवायचे. सिएरात काळ्या अस्वलांचा वावर आहे आणि त्यांचे नाक इतके तीक्ष्ण की गाडीत राहिलेल्या बिस्किटाच्या वासानेही ती दार उचकटतात. एकदा माणसांच्या अन्नाची चटक लागली की ते अस्वल पुन्हा पुन्हा येते आणि शेवटी पुष्कळदा त्याला मारावे लागते. म्हणून दिवस मावळण्याआधी स्वयंपाक उरका, भांडी स्वच्छ करा, कणही सांडू देऊ नका, सारे पेटीत बंद करा. यजमान बाईंनी हे नियम सांगायला सुरुवात केली, तोवर आमची दशमी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी आटोपून सूनबाई भांडी आवरत होत्या. जूनमध्ये तेथे सूर्य आठच्या पुढे मावळतो, त्यामुळे आमच्या नेमाला कोठेच अडचण आली नाही. आमचे जेवण इतक्या लवकर झालेले पाहून त्या बाईंना समाधान वाटले. एका अस्वलाच्या जीविताशी आपल्या सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा असा संबंध येईल, हे मला कधी सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी खोरे ओलांडून व्हाइट माउंटन्समध्ये चढलो. तेथे सुमारे साडेआठ हजार फुटांवर ग्रँडव्ह्यू नावाचा तळ आहे. येथे पाणी नाही, वीज नाही, आगाऊ आरक्षण नाही, यजमानही नाहीत. जी जागा रिकामी दिसेल ती आपली. ठेंगणी पिन्यॉनची आणि ज्युनिपरची झाडे, निळेभोर आकाश आणि कानांत घुमणारी शांतता. प्रवेशाशी एक फळा आणि त्याच्याजवळ जमिनीत रोवलेली लोखंडी पेटी. तिला वर एक चीर. शेजारी कागदी पाकिटे. मुलाने एक पाकीट घेतले, त्यावर तारीख, गाडीचा क्रमांक लिहिला, आत डॉलरच्या नोटा घातल्या आणि पाकीट चिरेतून आत टाकले. झाला व्यवहार. त्या तळावर ठरलेले भाडे नव्हते. पाच डॉलर द्यावेत अशी विनंती तेवढी होती.

माझ्यासारख्या गल्ल्यावर चाळीस वर्षे बसलेल्या माणसाला हे पाहून काय वाटले असेल, याची वाचकांना कल्पना येईल. मी पेटीभोवती एक फेरी मारली. राखणदार नाही, कॅमेरा नाही.

"कोणी पैसे टाकले नाहीत तर?" मी विचारले.

"नाही टाकणारेही असतील, बाबा," मुलगा म्हणाला. "अधूनमधून वनरक्षक येऊन पाहतात. पण मुख्य भरवसा येणाऱ्यांवरच."

मोठ्या तळांवर हे अधिक काटेकोर असते. तेथे पाकिटाचा एक तुकडा फाडून आपल्या जागेच्या खांबाला अडकवावा लागतो. पण मूळ रीत तीच. विकणारा समोर नसताना घेणाऱ्याने मोल चुकते करायचे.

तंबू उभारताना आमची एक चूक लक्षात आली. पाण्याचे मोठे कॅन गाडीत कलंडले होते आणि झाकण सैल राहिल्याने निम्म्याहून अधिक पाणी वाहून गेले होते. येथे दर माणशी रोज निदान चार लिटर पाणी आणावे, असे मुलाने आधीच वाचले होते. गावात परत जायचे तर घाटाचा रस्ता उतरावा लागणार. आम्ही हिशेब करीत असतानाच पलीकडच्या जागेतला एक उंच, पांढऱ्या दाढीचा गृहस्थ आला. त्याच्या जागेत पिंपाएवढी दुर्बीण उभी होती. तो आमच्या मेजापासून दहा पावलांवर थांबला आणि त्याने विचारले, "तुमच्या जागेतून जाऊ का? मागच्या मोकळ्या पटांगणात दुर्बीण न्यायची आहे. वळसा घालून नेता येईल, पण ती जड आहे."

मुलाने अर्थातच हो म्हटले. मग तो आणि मुलगा दोन बाजूंनी दुर्बीण उचलून आमच्या तंबूवरून पलीकडे घेऊन गेले. मी त्यांचे स्टूल उचलून मागोमाग गेलो. परतताना त्या गृहस्थाने पाण्याची अवस्था पाहिली आणि न मागता आपले एक भरलेले कॅन आमच्या मेजावर आणून ठेवले. आम्ही ते आपल्या रिवाजाप्रमाणे गाळून, उकळून घेतले. तो कुतूहलाने पाहत होता. सूनबाईंनी कारण सांगितले तेव्हा पाण्यात सूक्ष्म जीव असतात हे मी मुलांना शाळेत शिकवीत असे, असे तो म्हणाला. तो निवृत्त शिक्षक होता.

तो निघून गेला आणि मी बाकावर बसून राहिलो. ज्या जागेवर माझा काडीचाही हक्क नव्हता, जी मी एका रात्रीपुरती, पाच डॉलरांच्या भरवशावर घेतली होती, तेथून पाच पावले चालण्यासाठी एका माणसाने माझी परवानगी मागितली होती. मी हो म्हटले, त्याने पाणी दिले. आणि सांगलीत माझ्याच वडिलांच्या वखारीशेजारी, माझ्याच भावाचे हमाल, पाठीवर हळदीचे पोते घेऊन, केवळ माझ्या कुलपामुळे सबंध रस्त्याचा वळसा घालत होते. सौभाग्यवती शेजारी येऊन बसली. तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पण पन्नाशीकडे झुकलेल्या संसारात सांगावे लागत नाही.

रात्री त्या तळावर कोणी पांढरा दिवा लावीत नाही. आकाश पाहणाऱ्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात, त्यांना त्रास होऊ नये म्हणून सारे लाल दिवा वापरतात. हे ठाऊक नसल्याने नातीने विजेरी पेटवली, तेव्हा दोन-तीन बाजूंनी हळू आवाजात विनंती आली. शिक्षकाने तिच्या विजेरीला लाल कागद बांधून दिला आणि तिला दुर्बिणीशी बोलावले. तिच्यामागे आम्हीही रांगेत उभे राहिलो. दुर्बिणीत शनी होता. कड्यासकट, जणू कोणी काळ्या मखमलीवर कोरून ठेवलेला. साडेसातीच्या नावाने ज्याची आयुष्यभर धास्ती घेतली, तो इतका देखणा असेल असे वाटले नव्हते. आकाशगंगा एका क्षितिजापासून दुसऱ्यापर्यंत पसरलेली होती. थंडी सांगलीच्या पौषाला लाजवणारी होती आणि लोकरीची टोपी आणणारी नात शहाणी ठरली.

सकाळी आणखी वर, सुमारे दहा हजार फुटांवरच्या शुलमन ग्रोव्ह नावाच्या राईत गेलो. याच वनात जगातील सर्वांत जुनी झाडे उभी आहेत. ब्रिसलकोन पाइन त्यांचे नाव. झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय वाढते, पावसाच्या वर्षी रुंद, दुष्काळात केसाएवढे. एडमंड शुलमन या शास्त्रज्ञाने बारीक गिरमिटाने, झाड न मारता, खोडाची काडी काढून ही वलये मोजली आणि १९५७ साली त्यांना येथे ४,६०० वर्षांपेक्षाही अधिक वयाचे झाड सापडले. मथुसेला असे त्याचे नाव. मोहेंजोदडोची नगरे भरभराटीला येण्यापूर्वी ते रोप उगवले होते. व्यापाऱ्याने याहून जुनी वही कोठे पाहिली असेल? खाली पडलेले लाकूडसुद्धा येथून उचलण्यास बंदी आहे, कारण कोरड्या थंडीत ते हजारो वर्षे टिकते. जिवंत झाडांची व मृत लाकडांची वलये एकमेकांशी जुळवून शास्त्रज्ञांनी नऊ हजार वर्षांच्या आसपास मागे जाणारी नोंद तयार केली आहे.

मला सर्वांत आश्चर्य वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. मथुसेला कोणते, हे वनसेवा सांगत नाही. पाटी नाही, कठडा नाही. तुम्ही त्याच्या शेजारून जाल, कदाचित त्याच्या सावलीत पाणीही प्याल, पण तुम्हांला कळणार नाही. माणसाने ओरबाडू नये म्हणून ही खबरदारी. ती अनाठायी नाही. १९६४ साली शेजारच्या नेवाडा राज्यात अशाच एका राष्ट्रीय वनात एका अभ्यासकाने, रीतसर परवानगी घेऊन, संशोधनासाठी एक ब्रिसलकोन तोडले. वलये मोजली तेव्हा ती ४,८६२ भरली. आणि या राईतील माहितीकेंद्रही २००८ साली कोणीतरी आग लावून जाळले. चार वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले. भरवशावर चाललेल्या व्यवस्थेला घाव बसतच नाहीत असे नाही. ती पुन्हा उभी करावी लागते, एवढेच.

ही झाडे बहुधा अशा ठिकाणी अधिक जगतात जेथे माती निकृष्ट, पाऊस तुटपुंजा आणि वारा क्रूर असतो. सुपीक जागेतली लवकर वाढतात आणि लवकर मरतात. कित्येक जुन्या झाडांचे बहुतेक खोड वाळलेले असते, केवळ सालीची एक अरुंद पट्टी जिवंत राहून शेंड्यावरची हिरवी फांदी पोसते. झेपेल तेवढाच पसारा ठेवून ती हजारो वर्षे टिकली आहेत.

परतताना ग्रँडव्ह्यूच्या फळ्यापाशी मी पुन्हा थांबलो. काल घाईत न वाचलेला एक नियम त्यावर होता. एका तळावर सलग चौदा दिवसांहून अधिक राहता येत नाही. या वनातील पुष्कळ तळांवर हाच नियम आहे. कारण साधे आहे. चौदा दिवसांनंतर माणूस दोरी बांधू लागतो, दगड रचू लागतो, जागेला आपली म्हणू लागतो. म्हणून कितीही आवडले तरी तंबू उचलायचा, राख विझवायची, आपला कचरा आपल्याबरोबर न्यायचा आणि पुढच्यासाठी जागा रिकामी करायची. तेथे वहिवाट सर्वांची, कब्जा कोणाचाच नाही. अपरिग्रहावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु त्याचे एवढे सोपे नियमपत्रक प्रथमच वाचले.

ज्यांची मुले तिकडे आहेत अशा वाचकांसाठी दोन गोष्टी. आरक्षण असलेल्या लोकप्रिय तळांच्या जागा पुष्कळदा सहा महिने आधीच घ्याव्या लागतात. उंचीवर पहिल्या दिवशी धावपळ करू नये, पाणी दुप्पट न्यावे आणि झाकण तपासावे. कोरड्या ऋतूत शेकोटीवर बंदी असते. आम्ही तर ती पेटवलीच नाही, आणि कीटकांच्या होळीपेक्षा काळोख आम्हांला अधिक मानवला.

सांगलीला परतलो तेव्हा आषाढसरी सुरू झाल्या होत्या. पावसाने कुलूप गंजले होते. किल्ली फिरेना, तेल घालावे लागले. फाटक उघडून मी किल्ली धाकट्याच्या पेढीवर नेऊन त्याच्या गादीसमोर ठेवली. तो हळदीचा नमुना पाहत होता. त्याने किल्लीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "अण्णा, बसा," एवढेच म्हणाला आणि चहा सांगितला. बोळ आजही कागदावर माझ्याच नावावर आहे. मोजणीचा अर्जही अजून मागे घेतलेला नाही, कारण तो त्याने केला आहे आणि तो त्याचा प्रश्न. पण हमाल सरळ जातात.

दिवाळीनंतर दोन्ही घरची मंडळी मिळून सागरेश्वरच्या अभयारण्यात गेलो. आपल्याच जिल्ह्यातले, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे हे रान. उजाड डोंगरावर माणसांनी झाडे लावून ते वाढवले आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. इतक्या जवळ असून मी तेथे पूर्वी कधी पाऊल टाकले नव्हते. प्रवेशाशी तिकिटांवरून आम्हां भावांत पुन्हा वाद झाला. या वेळी दोघांनाही पैसे आपणच द्यायचे होते.